वरची बसते, खालची उडते

बसमध्ये चढलं की खिडकीची सीट धरायची, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवायची, बाहेर बघत बसायचं आणि कोणी कितीही खाकरलं तरी मान वळवायची नाही, हा बत्तीशीचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. खाकरणाऱ्याकडे बघितलं की कारभार आटोपला. बघितलं की ओळख नसतानाही हसावं लागतं, हसलं की सरकावं लागतं, आणि सरकलं की पिशवी मांडीवर येते. तेव्हा बघायचंच नाही. बाहेर बघण्यासारखं काही नसलं तरी एखादी भिंत तर असते, ती बघायची.

माणूस तसा वाईट नव्हता हो. बत्तीशी हेही काही त्याचं खरं नाव नव्हे. तो दातांच्या कवळ्या करायचा, म्हणून मित्रांनी ठेवलेलं ते नाव, पुढे बायकोच्या माहेरीही तेच रूढ झालं. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे घ्यायचे, ते ठसे बत्तीशीच्या कारखान्यात यायचे, आणि तिथून बोळक्या तोंडांचे दात तयार होऊन जायचे. कारखाना म्हणजे एक खोली. तीत चौघे कारागीर असे खेटून बसायचे की एकाला शिंक आली तर चौघांच्या हातातलं मेण हलायचं. घरी यावं तर दोन खोल्यांत बायको, दोन मुली, मुलींच्या मैत्रिणी आणि सध्या मुक्कामाला आलेल्या सासूबाई. जगात बत्तीशीच्या मालकीची मोकळी जागा काय ती बसमधली दीड सीट. तीवर त्याचा फार जीव होता.

कारखान्याची आपली एक बोली होती. वरच्या जबड्याची कवळी ती 'वरची', खालच्या जबड्याची ती 'खालची', आणि जोडीला म्हणायचं 'दोघी'. दोघी झाल्या का, वरची बसली का, खालची अजून रुसलीच आहे का, असं दिवसभर चालायचं. ऐकून ऐकून बत्तीशीच्या बायकोलाही हीच भाषा लागली होती. घरात कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही.

त्या दिवशी पिशवीत ज्या दोघी होत्या, त्या खुद्द सासूबाईंच्या होत्या.

सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. त्या शाळेच्या मोठ्या बाई होत्या, निवृत्त होईपर्यंत भाषा शिकवायच्या, आणि वर्गाच्या मागच्या दाराशी कधी येऊन उभ्या राहतील याचा मुलांना पत्ता लागायचा नाही. ओरडणं नाही, मारणं नाही. नुसत्या उभ्या राहून सगळं ऐकून घ्यायच्या, आणि गोंधळ पुरता रंगात आला की एकच शब्द बोलायच्या. त्या एका शब्दाला शाळा टरकायची. बत्तीशी तर त्या काही बोलल्या नाहीत तरी टरकायचा.

इतकी वर्षं त्यांनी जावयाला आपल्या दातांच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. जावयाला तोंडात डोकावू द्यायचं म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. पण मागच्या आठवड्यात त्यांची जुनी कवळी तोंड धुताना बेसिनमध्ये आपटून फुटली, नेहमीचा कारागीर गावाला गेलेला, आणि शाळेच्या नव्या वाचनालयाचं उद्घाटन तोंडावर आलेलं. भाषण सासूबाईंचं. मग काय, बत्तीशीचं नशीब उघडलं. त्याने जीव ओतून दोघी तयार केल्या, तोंडात बसवून बघितल्या, आणि रोजच्या सवयीने म्हणाला, "आई, सहासष्ट म्हणा." कवळी नीट बसली की नाही ते 'सहासष्ट' म्हटल्यावर कळतं. सासूबाईंनी म्हटलं, आणि तोंडातून चक्क शिट्टी वाजली.

ज्यांनी जन्मभर पोरांना श, ष आणि स वेगवेगळे म्हणायला लावले, त्यांच्याच तोंडून शिट्टी. मुली फिदीफिदी हसल्या. सासूबाईंनी दोघी काढून बशीत ठेवल्या, नाकापर्यंत रुमाल बांधला, आणि त्या क्षणापासून घरात बोलणंच बंद केलं. जे काय ते खुणेने. बत्तीशीला इतकं वाईट वाटलं की विचारू नका. "तुमचा स मी तुम्हाला परत आणून देतो, आई," असं तो बोलून गेला. आज दुपारी भाषण होतं. शिट्टी वाजली तर आपण मंचावर जाणार नाही, हे सासूबाईंनी खुणेने सांगितलं होतं. आणि आई गेली नाही तर तुमचं-माझं काय ते बघू, हे बायकोने अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं.

बत्तीशीने खालची पुन्हा घासली, तपासली, पुन्हा घासली आणि दोघींना डबीत ठेवून तो बसमध्ये चढला. पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली. आज प्रथमच पिशवी तिथे ठेवायला त्याच्याकडे खरं कारण होतं. मांडीवर घेतली आणि ब्रेक लागला, तर पिशवी खाली आणि सासूबाईंचा स कायमचा गेला. अशा विचारात तो मोठ्या समाधानाने भिंत बघू लागला.

दुसऱ्या स्टॉपवर गर्दी चढली. कोणीतरी छत्रीच्या टोकाने पिशवीला दोनदा टोचलं. तोंडाने बोलायचे कष्टही नाहीत, नुसतं टोचायचं. काय एकेक माणसं असतात, असं मनात म्हणत बत्तीशीने भिंतीवरची नजर न काढता सांगून टाकलं, "येतायत."

छत्री मागे गेली. पण 'येतायत' म्हणजे कोण, हा प्रश्न तिथेच राहिला, आणि तो एका रंगाऱ्याने उचलला. त्याच्या कपड्यांवर चार-पाच घरांचे रंग होते आणि हातात जड डबे. त्याने फार अदबीने विचारलं, की दादा, इथे कोण येणार आहे? बत्तीशी गडबडला. तोंडात आलं ते बोलला.

"सासूबाई. म्हाताऱ्या आहेत. पुढच्या स्टॉपला चढतील."

झालं. रंगारी नुसता गप्प बसता तरी चाललं असतं, पण त्याला गहिवरून आलं. सासूसाठी जागा धरणारा जावई आपण जन्मात पहिल्यांदा बघतोय, असं त्याने आसपासच्या मंडळींना जाहीर केलं. पुढच्या सीटवर एक काकू लोकर विणत बसल्या होत्या. त्या सुयांसकट मागे वळल्या आणि बत्तीशीकडे अशा मायेने बघू लागल्या की त्याला भिंत बघणं अवघड झालं. आपला जावई साधा फोनही करत नाही, असं त्या म्हणाल्या. पाठीमागून कोणीतरी त्या सीटजवळ गर्दी करू नका, म्हाताऱ्या बाईंना बसता यायला हवं, अशी सूचना केली. रंगाऱ्याने डबे खाली ठेवून पिशवीवर राखण सुरू केली.

पुढचा स्टॉप आला. सासूबाई चढल्या नाहीत. चढणार कशा, त्या घरी असणार. अख्खी बस दाराकडे बघत होती. बत्तीशी म्हणाला की हा नसेल, याच्या पुढचा असेल. तोही आला आणि गेला. काकूंच्या चेहऱ्यावरची माया जराशी पातळ झाली, आणि नेमका तेव्हा बत्तीशीचा फोन वाजला.

बायको होती. पहिल्यांदा ती आईबद्दल काहीतरी सांगत होती, त्यातला 'शिंपी' एवढा एकच शब्द त्याला कळला, बाकीचं इंजिनाच्या घरघरीत गेलं. मग तिने मुद्द्याचं विचारलं आणि बत्तीशीने मुद्द्याचं उत्तर दिलं. बस जोरात आवाज करत होती, म्हणून तोही जोरात बोलला.

"हो गं, निघालोय. दोघी आहेत बरोबर."

काकूंनी त्याच्या आजूबाजूला बघितलं. बरोबर कोणीच नव्हतं.

"वरचीचं काही नाही, ती गुणी आहे. बसवली की बसते. खालचीच त्रास देत होती. बोलायला लागलं की उडायची." त्याने पलीकडचं ऐकून घेतलं. "घासली ना. सकाळी चांगली धरून घासली. आता कशाला आवाज करतेय."

रंगारी पिशवीपासून किंचित लांब सरकला.

"रात्रभर? रात्रभर पाण्यातच ठेवल्या होत्या दोघी. कोरड्या राहिल्या तर वाकड्या होतात, तुला माहितेय ना." काकूंच्या सुया थांबल्या. "आत्ता? आत्ता पिशवीत आहेत. नाही, इथे बाहेर काढत नाही, लोक बघतायत. एकदा आईंच्या तोंडी दिल्या की मी सुटलो."

फोन ठेवून त्याने वर बघितलं, तर बसमध्ये एवढी शांतता होती की आपण चुकून दुसऱ्याच बसमध्ये बसलो की काय असं त्याला वाटलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग सगळे पिशवीकडे बघू लागले. काकू सीटवरून उठल्या आणि कंडक्टरबाईंच्या कानाला लागल्या. काकूंचं कुजबुजणं खणखणीत होतं, त्यामुळे त्यांचा तर्क सर्वांनाच कळला. याच्या घरात वरच्या मजल्यावर एक आणि खालच्या मजल्यावर एक अशा दोन बायका आहेत, खालची बिचारी उलट बोलते, म्हणून हा तिला घासतो, दोघींना रात्रभर पाण्यात उभं करतो आणि आता सासूच्या तावडीत द्यायला निघालाय. पिशवीचं तेवढं काकूंना नीट जुळत नव्हतं, पण ते पोलिसांनी बघावं, असं त्यांचं मत पडलं.

कंडक्टरबाई गर्दीतून वाट काढत आल्या.

"काय हो, दोघी कुठायत?"

"पिशवीत," बत्तीशी म्हणाला. विचारलं तर सांगायला नको?

"दोघी पिशवीत?"

"डबीत आहेत. डबी पिशवीत आहे."

"वरची कोण आणि खालची कोण?"

"आता कोण म्हणजे काय," बत्तीशी बुचकळ्यात पडला. "कवळ्या आहेत हो त्या."

"कोवळ्या!" काकू मटकन बसल्या. "वर तोंड करून सांगतोय, कोवळ्या आहेत."

रंगाऱ्याने डोक्याची टोपी काढली. ड्रायव्हरने विचारलं नाही, पुसलं नाही, गाडी कडेला घेऊन उभी केली. कंडक्टरबाईंनी पिशवीकडे बोट दाखवलं आणि उघडा म्हणाल्या. बत्तीशी घाबरून गेला. एवढ्या माणसांच्या श्वासात आणि धुळीत सासूबाईंची डबी उघडायची म्हणजे केवढं पाप. पण कंडक्टरबाईंचा चेहरा बघता इलाज नव्हता. त्याने डबी काढली, खिशातल्या स्वच्छ रुमालावर ठेवली आणि झाकण अलगद उचललं. आत ओल्या कापसावर दोघी शांत बसल्या होत्या. वरची वर, खालची खाली.

सगळ्यांत आधी हसले ते काकूंचे खांदे. मग काकू. मग हे हसू मागच्या बाकापर्यंत पोचलं, आणि तिथे ज्यांना काही दिसलं नव्हतं तेही हसत सुटले. रंगाऱ्याने टोपी घालून पुन्हा एकदा काढली, यावेळी कौतुकाने. काय काम आहे दादा, असं म्हणून त्याने हिरड्यांच्या रंगाची खास तारीफ केली, कारण तो रंग जमवणं अवघड, हे रंगाऱ्याला कळणारच. काकूंनी तोंडावर हात धरून बत्तीशीच्या जवळ येऊन हळूच सांगितलं, "माझी पण खालची उडते हो." त्याने कारखान्याचा पत्ता दिला. बस सुरू झाली. बत्तीशीला वाटलं, सुटलो.

कंडक्टरबाई मात्र हसल्या तेवढ्या हसल्या आणि मुद्द्यावर आल्या. "म्हणजे एवढ्या गर्दीत तुम्ही सीट धरली ती दातांसाठी."

"नाही, म्हणजे, सासूबाई..."

"सासूबाई कुठल्या स्टॉपला चढणार होत्या? आता दोनच स्टॉप राहिले."

रंगाऱ्याने मान खाली घातली. त्याला खरोखरच लागलं होतं. मघापासून तो या सीटची राखण करत उभा होता, डबे पायाशी घेऊन. ते बघून बत्तीशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणावं की सासूबाई घरी आहेत, मी खोटं बोललो, बसा तुम्ही, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात छत्रीच्या टोकाने पिशवीला दोनदा टोचलं.

"येतायत," बत्तीशी सवयीने म्हणाला, आणि म्हणताना त्याची नजर छत्रीच्या टोकापासून वर वर गेली. वर बदकाच्या तोंडाची मूठ होती. एका डोळ्याचा टवका उडालेलं हे बदक त्याच्या घराच्या दाराआड आठवडाभर उभं होतं. मुठीवर हात होता, काखेत शिंप्याकडची पुडकी होती, आणि नाकापर्यंत बांधलेल्या रुमालाच्या वर सासूबाईंचे दोन डोळे होते.

दुसऱ्या स्टॉपपासून त्या मागे उभ्या होत्या. नुसत्या उभ्या राहून सगळं ऐकत होत्या.

सासूबाईंनी तळहात पुढे केला. त्याने डबी त्यावर ठेवली. "याच त्या," रंगारी काकूंना म्हणाला आणि अदबीने मागे झाला. मग एक गंमत झाली. सासूबाईंनी बसकडे पाठ फिरवली, आणि काही न सांगता, न सवरता सगळी बस खिडकीतून बाहेर बघू लागली. उभे होते त्यांनी छताकडे बघितलं. कंडक्टरबाईंनी आपल्या तिकिटांकडे बघितलं. मुंगीला शिरायला जागा नव्हती त्या बसमध्ये सासूबाईंच्या भोवती हातभर जागा आपोआप मोकळी झाली. बत्तीशीही बाहेर बघत होता, आणि आज पहिल्यांदाच त्याला बाहेरचं काहीही दिसत नव्हतं. रुमालाआडून एक बारीक टक् आवाज आला. वरची. मग दुसरा. खालची. त्याचे ओठ आपोआप हलले, पण सहासष्ट म्हणा असं सांगायची हिंमत झाली नाही.

सासूबाईंनी रुमाल सोडला, घडी केली, वळल्या आणि बोलल्या.

"सरका."

त्या एका शब्दाने बत्तीशी तर उठलाच, पण मागच्या बाकावरचे दोघे सरकले, काकू सरकल्या, पलीकडच्या रांगेत डुलकी घेणारा एक गृहस्थ झोपेतच सरकला, आणि ड्रायव्हरने उगाचच मागे वळून बघितलं. बत्तीशीला मात्र शब्द ऐकूच आला नव्हता. त्याने फक्त स ऐकला. धुतलेल्या काचेसारखा लख्ख. शिट्टीचा मागमूस नाही. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"दुसऱ्या स्टॉपपासून सगळं ऐकलंय मी, जावईबापू," सासूबाई खिडकीशी बसत म्हणाल्या. एका वाक्यात किती तरी स, एकेक सुटा आणि स्वच्छ. त्यांनी पिशवी उचलून जावयाच्या हातात दिली, शेजारची सीट पदराने झटकली आणि रंगाऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही बसा." रंगारी कपड्यांच्या रंगामुळे संकोचला, तर त्यांनी छत्रीनेच सीट दाखवली. मग तो बसला, अगदी हात बांधून. "आणि जावईबापू, तुम्ही उतरेपर्यंत उभे राहा."

बत्तीशी उभा राहिला. एका हाताने दांडा, दुसऱ्या हाताने रिकामी पिशवी, एक कोपर कोणाच्या तरी बरगडीत आणि कोणाचं तरी कोपर त्याच्या बरगडीत. खिडकीशी सासूबाई भाषणाची उजळणी करत होत्या. सर्व सभासदांना सस्नेह, असं काहीसं सुरू होतं, आणि रंगारी दर वाक्याला मान डोलवत होता. बत्तीशी प्रत्येक स कान देऊन ऐकत होता. मधेच भाषण थांबवून सासूबाईंनी त्याच्याकडे न बघता म्हटलं की खालची चांगली झालीय, आणि पुढे सुरू केलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला चांगलं म्हटल्याची ही पहिलीच वेळ. बस खड्ड्यातून गेली, लोक त्याच्या अंगावर आले, तरी तो हसतच होता.

फोन वाजला. बायको काळजीत होती. आई अजून घरी आली नाही, भाषणाची वेळ होत आली, आणि खालचीचं काय, असं सगळं तिने एका दमात विचारलं. "बसली का हो नीट?"

"दोघी बसल्या," बत्तीशी म्हणाला. "आईपण बसल्या. मीच तेवढा उभा आहे."